फुटपाथपर्यंतचा पल्ला

कपाटावरच्या धुळीत एक आयत उमटला होता. लांबीला वीतभर, रुंदीला त्याहून थोडा कमी. आतलं लाकूड गडद आणि स्वच्छ, बाहेरचं राखाडी. मागच्या कडेपासून दोन पुसट रेघा भिंतीकडे गेल्या होत्या. तिथून वायरी जात असणार. बाईंनी त्यावर बोट फिरवलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून, वाकून, कडेनं पाहिलं.

"आत अजून धूळ बसलेली नाही. हलवून फार दिवस झाले नाहीत," त्या म्हणाल्या.

"आणि हलवलाय कुठे, तर खिडकीत." भाऊजींनी भर सकाळी टॉर्च पेटवून खिडकीतला राउटर दाखवला. "चोराला बाहेरून काढायला सोपं जावं म्हणून. माझ्या विम्याच्या दिवसांत अशा पुष्कळ केसेस..."

"भाऊजी, चोर वस्तू खिडकीत ठेवून जात नाही. घेऊन जातो."

भाऊजींनी टॉर्च विझवला.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी खाजगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली होती. भाऊजी त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण गेल्यापासून ते घरी एकटे बसत नसत. बाई जिथे जातील तिथे टॉर्च घेऊन हजर. कधी उपयोग होई, बहुतेक वेळा होत नसे.

ज्यांनी बोलावलं होतं त्या या घरातल्या आई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर एक जुना टॅबलेट होता, चार्जरची वायर अजून लोंबत होती.

"काही चोरीला गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं. पोलिसांना काय सांगणार? घरात कुणीतरी आलं आणि राउटर बदलून गेलं म्हणून?"

"बदलून म्हणजे?"

"डबा तोच. आतलं बदललं. काय म्हणतात ते, फर्मवेअर. त्याचा मेंदू म्हणा ना. कंपनीनं दिलेलं काढून आमच्या राउटरमध्ये दुसऱ्यांचं घातलेलं होतं, मोकळं, कुणीही वापरावं असं. माझ्या मुलीनं घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, तेव्हा. जाताना नेटचं नावही बदलून गेली. 'आमचं घर'. रोज फोन उघडला की वर ते दिसायचं. मला वाटायचं, भांडून गेली, पण जाताना 'आमचं घर' म्हणून गेली."

"आणि आता?"

"गुरुवारी दुपारी मी वाचनालयात होते. परत आले तर हा टॅबलेट किणकिण किणकिण वाजतोय. दोन वर्षं मुका होता. तिचा आहे. कुलूप तिचं, मला उघडत नाही. पण समोर तिचा फोटो दिसतो ना, म्हणून मी त्याला चार्जिंग कमी पडू देत नाही. बघते तर 'आमचं घर' गायब. पुन्हा ते जुनं कंपनीचं नाव, पुढे आकडे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"हे काम येतं कुणाला? तिलाच. ती आली होती." आईंचा आवाज एका पट्टीत राहिला, पण वायर त्यांनी बोटाला करकचून गुंडाळली होती. "मला चोर नको शोधून. ती आली होती का, एवढंच सांगा. आली असेल तर मी जाऊन तिला घेऊन येईन, हे काही का म्हणेनात."

"यजमान काय म्हणाले होते?"

"पक्की नोकरी सोडून चाललीस, आता मी बोलावलं तरच परत यायचं. तिनं शब्द धरला. ह्यांनीही. एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा."

बाई राउटरजवळ गेल्या. दोन अँटेना होते. दोन्ही खोलीकडे नव्हते, काचेला चिकटून उभे होते. पलीकडे अरुंद रस्ता, मग फुटपाथ, त्यावर एक बाक आणि मागे चष्म्याचं दुकान. बाईंनी डबा उलटा केला. खाली चौकोनी जागेवर गोंदाचे सुकलेले डाग होते.

"इथलं लेबल?"

"तिनंच काढलं, फार पूर्वी. त्यावर पासवर्ड छापलेला असतो ना? म्हणायची, पासवर्ड कपाळावर चिकटवून कुणी फिरतं का? पासवर्ड बदलायलाच निघाली होती, पण हे म्हणाले, कंपनीचं आहे तसं राहू दे. मग निदान लेबल तरी काढते म्हणाली. तिच्या डोक्यात होता तेवढाच."

"मुलीची एखादी सवय सांगाल? लांबून ओळखू येईल अशी?"

आई पहिल्यांदा हसल्या. "बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळते. शाळेपासून. किती पट्टे तुटले."

*

धाकटा मुलगा आतल्या खोलीत कामाला बसलेला होता. लॅपटॉप इतका पातळ की भाऊजींनी आधी ती फाइल आहे असं समजून त्यावर टॉर्च ठेवला.

"गुरुवारपासून वैताग आहे," तो म्हणाला. "आधी राउटर घराच्या मधोमध होता. आता खिडकीत. माझ्या खोलीत नेट रांगतं."

"मग परत कपाटावर का नाही ठेवला?"

"आई हात लावू देत नाही. म्हणते, ताईनं ठेवलाय तिथेच राहू दे." त्यानं दार पुढे लोटलं आणि आवाज उतरवला. "मॅडम, हे थांबवा. ताई वगैरे कुणी आलेलं नाही. ते मी केलं."

भाऊजींनी बाईंकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"कसं केलंस?"

"मागे बारीक भोक असतं. त्यात टाचणी घातली, दाबून धरली. रिसेट. झालं पुन्हा कंपनीचं."

"मग तुझा लॅपटॉप त्या परत आलेल्या नावाला कसा जोडलास? पासवर्ड तर कुणालाच माहीत नव्हता."

"राउटरवर जोडणीचं बटण आहे, ते दाबून. मग लॅपटॉपमध्ये पासवर्ड बघून बाकीच्यांचे फोन जोडले. सगळंच दोन वर्षांत नवं घेतलेलं, कशालाच जुनं नाव ओळखीचं नव्हतं. बाबांचा फोन बटणांचा, त्याला काही लागतच नाही."

"लॅपटॉपला तारेचं भोक दिसत नाही."

"आता कुठे असतं ते? तारेनं कोण जोडतं?"

बाईंनी मान हलवली. "आईसाठी खोटं बोलतोयस ना?"

"खोटं नाही," तो म्हणाला, पण लॅपटॉपकडे बघत. "रोज संध्याकाळी दाराचा आवाज झाला की ती उठून बघते. नेटपायी नाही हो मी बोलत. मला ते बघवत नाही."

*

वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे सर भाड्यानं राहत. घरमालकांचंच नेट वापरत, आणि शिष्य पडद्यावर.

"गुरुवारपासून माझे शिष्य गोठतात," ते म्हणाले. "गज वर गेला की वरच. खिडकीतून रस्त्यावर नेट उधळण्यात काय अर्थ आहे? रस्ता काय व्हायोलिन शिकणार आहे?"

"तुम्हाला कुठलं फर्मवेअर बरं?"

"मला सूर लागल्याशी मतलब. तंबोऱ्याचं लाकूड कुणाचं, ते ज्यानं त्यानं बघावं."

"गुरुवारी दुपारी काही ऐकलंत?"

"ऐकलं. मालकीणबाईंनाही सांगितलं, आणि उगाच सांगितलं असं वाटतंय. खालून बारीक घरघर येत होती, एकाच सुरात. मुलगी इथे असताना तिचा तो जुना जाडजूड कॉम्प्युटर होता ना, त्याचा पंखा त्याच सुरात वाजायचा. मी त्यावर व्हायोलिन लावून घ्यायचो कधी कधी. दोन वर्षांनी तोच सूर. मालकीणबाई खुर्चीतच बसल्या ऐकून."

"पावलं? बोलणं?"

"काही नाही. दार उघडल्याचंही ऐकलं नाही."

भाऊजी जिन्यात म्हणाले, "म्हणजे ती आधीपासून घरात लपलेली होती."

"दोन वर्षं?"

"तसं नाही गं," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरू लागले.

*

मुलीची खोली बंद असे, पण कुलूप नव्हतं. टेबलावर जुना कॉम्प्युटर होता, त्यावर कापड. खिडकीच्या चौकटीवर धूळ, पुस्तकांवर धूळ. कापडावर नव्हती. खणात निळी तार सापडली, नेटची, दोन्ही टोकांना बोंड असलेली. सारख्या मापाची वेटोळी करून ती पांढऱ्या दोऱ्यानं बांधली होती; दोरा दोनदा गुंडाळून, गाठ मारून, टोकं एकसारखी कापलेली.

बाहेरच्या खोलीत रद्दीचा गठ्ठा होता, कोपऱ्यात छत्री. दोन्हींना पांढरा दोरा, दोन वेढे, एक गाठ, कापलेली टोकं. बाई तिथे क्षणभर थांबल्या, मग मुलीच्या वडिलांच्या खुर्चीकडे वळल्या.

त्यांना सगळी गल्ली मीटरसाहेब म्हणत असे. जन्मभर विजेचे मीटर तपासले, सील लावले. आता ते खिडकीशी खुर्ची घेऊन बसत. चष्म्याची एक दांडी तपकिरी, झिजलेली. दुसरी चकचकीत काळी.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "माझा फोन बटणांचा. मला त्यातलं काही कळत नाही."

"मत तर असेल. कंपनीचं बरं की दुसऱ्यांचं?"

"मी कंपनीच्या बाजूचा. सीलबंद वस्तू. काही झालं तर जबाबदार कोण ते माहीत असतं. पोरीला हेच सांगायचो. राउटर असो की नोकरी, चालतंय ना, मग सील कशाला फोडायचं?"

"ती काय म्हणायची?"

"ती म्हणायची, बाबा, कंपनी चार वर्षांत विसरून जाते. नवी सुधारणा पाठवत नाही, भोकं तशीच राहतात. हे दुसरे लोक मात्र जुन्या डब्यालाही सांभाळतात." ते काचेतून बाहेर बघत होते. "खरं आहे ते. दर काही महिन्यांनी नवं येतं त्यांचं. कुठलं काय बंद करायचं, उघडायचं, सगळं आपल्या हातात. फक्त चढवताना जपावं लागतं. पडद्यावर सरकणारी पट्टी अर्ध्यावर असताना वीज गेली तर डबा कायमचा मुका. ती दोन मिनिटं जीव मुठीत धरून बसायचं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "चष्मा नवा केलात?"

"दांडी. समोरच्याकडून."

*

समोरच्या चष्मेवाल्यांनी भाऊजींना न विचारता खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली.

"तो बाक? दिवसभर कुणी ना कुणी बसतं. पण आठवड्याच्या सुरुवातीला एक मुलगी आली होती. बसली नाही. उभी. फोन असा समोर धरून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. रेंज शोधतात तशी. मग त्या घराकडे बघत राहिली. मला वाटलं, पत्ता चुकली असेल. विचारायला बाहेर आलो तर निघाली होती."

"बॅग होती?"

"होती. पट्टा मनगटाला असा गुंडाळलेला, पिळून. मी म्हटलं, तुटणार हा."

भाऊजी चौकटीसकट बाईंकडे वळले.

"हे कुणाला सांगितलंत?"

"मुद्दाम कुणाला सांगणार? पण या खुर्चीत जो बसतो त्याला मी सगळंच सांगतो. नजर तपासताना माणूस गप्प बसला की मला सुचत नाही. वाचा हो, खालची ओळ."

"ओळ कुठे आहे?" भाऊजी म्हणाले.

*

संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. आई टॅबलेट घेऊन, धाकटा दाराला टेकून, व्हायोलिनवाले सर स्टुलावर. मीटरसाहेब आपल्या खुर्चीतच, खिडकीशी.

"आधी टाचणीचं बघू," बाई म्हणाल्या. "टाचणी दाबली की राउटर आत जे काही भरलेलं आहे त्याच्याच पहिल्या दिवसावर जातो. दुसऱ्यांचं फर्मवेअर असेल तर दुसऱ्यांच्याच. काढून टाकलेलं कंपनीचं त्यानं परत येत नाही. घर झाडलं म्हणून जुना भाडेकरू परत येतो का? तेव्हा धाकट्यानं हे केलेलं नाही. त्याला आईचं दाराकडे बघणं थांबवायचं होतं."

धाकट्यानं मान खाली घातली.

"कंपनीचं परत चढवायचं तर बहुतेक डब्यांना तार लागते, आणि तारेचं भोक असलेला कॉम्प्युटर. या घरात तसा एकच आहे. गुरुवारी दुपारी तो चालू होता, सरांनी त्याचा सूर ओळखला. कापडावर धूळ नाही, हेही त्याला धरूनच."

"तिचाच कॉम्प्युटर," आई हळूच म्हणाल्या.

"तिचा. पण ती नव्हती. हा टॅबलेट दोन वर्षं मुका का होता, याचा विचार करा. तो तिचा. तिनं जाताना 'आमचं घर' हे नाव दिलं असतं, तर तिनं आधी स्वतःच्या वस्तू त्याला जोडल्या असत्या. टॅबलेटला ते नाव कधी माहीतच नव्हतं. त्याला फक्त जुनं, कंपनीचं नाव माहीत होतं. ते परत आलं आणि तो बोलायला लागला. म्हणजे 'आमचं घर' हे नाव, आणि ते दुसऱ्यांचं फर्मवेअर, ती गेल्यानंतर आलं."

दोन वर्षं जपलेली एक गोष्ट आईंच्या हातातून सुटत होती, हे भाऊजींनाही दिसलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मग ठेवलं कुणी ते नाव?" धाकट्यानं विचारलं.

"ज्यांना म्हणे फर्मवेअरमधलं काही कळत नाही, पण पट्टी अर्ध्यावर असताना जीव मुठीत कसा येतो ते माहीत आहे, त्यांनी. निळी तार पांढऱ्या दोऱ्यानं बांधली आहे. दोन वेढे, एक गाठ. छत्रीलाही तीच, रद्दीलाही. जन्मभर मीटरला सील लावलेला हात दुसरी गाठ मारत नाही."

कुणी मीटरसाहेबांकडे पाहिलं नाही. त्यांना अवघड वाटू नये म्हणून असेल.

"पण बाबा तर ताईशी याच गोष्टीवरून भांडायचे," धाकटा म्हणाला.

"ती गेल्यावर त्यांनी तिचं ऐकलं. तिच्याच कॉम्प्युटरवर बसून, वाचून, शिकून. तिला सांगता येत नव्हतं, म्हणून राउटरला सांगितलं. श्रेय तिच्या नावावर जाऊ दिलं. आणि एक चूक झाली. नव्या फर्मवेअरला नवं नाव दिलं, त्याबरोबर तिचा फोन ज्या नावानं हे घर ओळखायचा, ते नाव हवेतून पुसलं गेलं."

"मग आताच का बदललं?" सरांनी विचारलं.

"कारण या आठवड्याच्या सुरुवातीला ती आली होती."

टॅबलेट आईंच्या मांडीवरून घसरला. धाकट्यानं तो वरच्यावर झेलला.

"घरात नाही. समोरच्या फुटपाथपर्यंत. बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून, फोन हातात धरून उभी होती. फोनला घर सापडलं नाही. ती गेली. चष्मेवाल्यांनी पाहिलं, आणि जे त्यांच्या खुर्चीत दांडी बदलायला बसले त्यांना सांगितलं." बाई राउटरकडे वळल्या. "कुणाला नेट चोरायचं नव्हतं, की कुणाला वेग वाढवायचा नव्हता. घरातल्या सगळ्यांचं नेट मंदावून कुणीतरी ते रस्त्यावर पाठवत होतं. अँटेना काचेला का लावले, याचं दुसरं उत्तर मला सापडलं नाही."

"जुनं नावच हवं होतं तर तेवढंच बदलायचं," भाऊजी म्हणाले. "सगळं फर्मवेअर कशाला उपटायचं?"

बाईंनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. "आज तुम्ही योग्य प्रश्न विचारलात. नाव आठवत होतं, पासवर्ड नव्हता. लेबल मुलीनं काढलेलं, आकडे तिच्या डोक्यात, टॅबलेटला तिचं कुलूप. तो पासवर्ड आणखी एकाच ठिकाणी होता, डब्याच्या पोटात, कारखान्यात कोरलेला. आणि तो आपणहून वाचून वापरणारं फर्मवेअर एकच, कंपनीचं."

खिडकीतल्या डब्यावर हिरवे दिवे स्थिर होते.

"मला वाटलं," मीटरसाहेब काचेकडे बघत म्हणाले, "पुन्हा कधी आलीच, आणि तिथे उभी राहिली, तर तिचा फोन आपोआप लागेल. वरती ती बारीक खूण येते ना. ती दिसेल तिला. कळेल, की घरानं ओळखलं."

"अहो," आई म्हणाल्या, "खूण कसली दाखवता? ती तुमच्या एका शब्दावर अडलीय."

"माहीत आहे."

"दोन वर्षं माहीत आहे?"

मीटरसाहेबांनी चष्मा काढला, आणि नव्या दांडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"साहेब," बाई हळू म्हणाल्या, "या डब्याचा पल्ला फुटपाथपर्यंत आहे. अँटेना कितीही वळवलेत तरी त्यापुढे जाणार नाही. तुमच्या बटणांच्या फोनचा त्याहून पुष्कळ जास्त आहे."

मीटरसाहेबांनी खिशातून फोन काढला. बटणांवर बोट ठेवलं, उचललं. मग तो आईंच्या पुढे धरला.

"नंबर तोच आहे ना तिचा?"

"तोच."

"मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण बोट पुढे जात नाही. तू लाव. आणि तू काही बोलू नकोस. 'घरी ये' असं मीच म्हणणार आहे."